हात बघून आणलेली सून

मुलगी बघायला गेले की लोक रंग बघतात, उंची बघतात, उगाच चार पावलं चालायला लावतात. या घरच्या सासूनं त्यातलं काही केलं नाही. ती मुलीसमोर बसली आणि म्हणाली, "हात दाखव गं." मुलीला वाटलं, बाई भविष्य सांगणार. तिनं तळहात पुढं केला. सासूनं मनगट चिमटीत धरून पाहिलं, पाची बोटं जुळवून चोच करायला लावली आणि वळून नवऱ्याला म्हणाली, "जाईल. कोपरापर्यंत जाईल."

कुठं जाईल, ते मुलीला पहिल्याच हंगामात कळलं. घर मेंढ्यांवर चालणारं. कोकराचा पाय मागं दुमडला की मेंढी अडते. मग कोणीतरी हात आत घालायचा, पाय सरळ करायचा आणि कोकरू ओढायचं. जाड पंजाचं हे काम नाही. सासूचे हात एके काळी बारीक होते, पण आता सांध्यांना आल्याच्या गड्ड्यासारख्या गाठी आल्या होत्या. सासऱ्यांचा हात म्हणजे फावडं. घराला एक बारीक हात हवा होता, तो आला. हाताबरोबर बाकीची बाईही आली, तिचं काय करायचं ते कोणी ठरवलं नव्हतं.

घरात तिला मुकी म्हणत. जिभेला काही झालेलं नव्हतं. बोलायला कोणी नाही म्हणून ती बोलत नसे, आणि ती बोलत नाही म्हणून कोणी बोलायला येत नसे. सासरे एका कानानं ठार बहिरे आणि दुसऱ्या कानानं सोयीपुरते. नवरा लोकर कातरणाऱ्यांच्या टोळीबरोबर गावोगाव फिरायचा, थंडी सरेपर्यंत घर नाही. फोन मात्र यायचा. "जेवलीस?" "हो." "आई बरी?" "हो." "मेंढ्या?" "हो." मग पलीकडं यंत्राची घरघर, आणि फोन बंद. उरली मांजरी. तिचा एक कान फाटलेला आणि पाठीवर काळा डाग. मुकी बोलायची ती तिच्याशी, आणि तिच्याशी मात्र भरभरून बोलायची.

आता पाचवा महिना लागला होता. गेल्या वर्षीचं तिसऱ्यातच गेलं होतं. तेव्हा सासू "होतं असं" एवढंच म्हणाली आणि चादर धुवायला घेऊन गेली. या खेपेचं मुकीला हवं होतं. वंशाला दिवा वगैरे लोकांनी बघावं. तिला आपलं म्हणून एक माणूस हवं होतं, जे तिच्याशी बोलेल.

त्या सकाळी धुकं खाली उतरलेलं. मेंढवाड्याचं दार ढकललं आणि तिला वास आला. कोपऱ्यात तांबड्या कानाची मेंढी मान खाली घालून उभी होती, मागं काहीतरी लोंबत होतं. दिवस भरायला तर अजून अवकाश होता. तिनं हाक मारली. सासू शाल आवळत आली, वाकून बघितलं.

"गाभडली. आत अडकलंय. घाल हात."

मुकीनं बाही वर सारली. बाहेर बोटं बधिर होत होती, आत ऊब होती. आधी कोकरू आलं. कातडं सैल, डोळे मिटलेले, खूर मेणासारखे मऊ. मग वार आली. तिच्यावर रव्याच्या दाण्यांसारखे पांढरे ठिपके होते. असे ठिपके मुकीनं आधी कधी पाहिले नव्हते. ती गुडघ्यांवर बसून ते बघत होती, तेवढ्यात तिच्या पोटात आतून कोणीतरी टिचकी मारली. एकदा. मग पुन्हा एकदा.

"आत्या," ती म्हणाली, "पोटात हललं."

"बरं," सासू म्हणाली. "घमेलं घे."

कोकरू आणि वार घमेल्यात घालून तिनं मागच्या खड्ड्यात पुरली, राखेनं हात धुतले आणि चुलीपाशी गेली. पहिल्यांदा हललं, आणि ते मन भरून सांगितलं कोणाला, तर मांजरीला. मांजरीनं डोळे बारीक करून ऐकून घेतलं.

पुढं एकामागून एक मेंढ्या गाभडायला लागल्या. सासूच्या तोंडचं पाणी पळालं. कोणी नजर लावली म्हणावं तर नजर लावण्यासारखं घरात काय होतं? शेवटी तिनं ढोरांच्या डॉक्टरला बोलावलं. तो मोटरसायकलवरून आला, कोपरापर्यंत मोजे चढवले, ठिपक्यांची वार उलटीपालटी करून पाहिली आणि तुकडा बरणीत घातला.

"मावशी, मांजरं किती तुमच्याकडं?"

"अहो, मेंढ्या गाभडल्यात. मांजरं काय विचारता?"

"म्हणूनच विचारतोय."

"एक आहे, म्हातारी. उंदरांपुरती."

"पिल्लं?"

"पिल्लं मी घरात ठेवतच नाही. झाली की पोत्यात घालून लांब पाठवते."

"आणि मेंढ्यांचा भरडा कुठं असतो?"

सासूनं त्याला भरड्याची खोली दाखवली. मोठी लाकडी पेटी, वर झाकण, झाकणावर दगड. डॉक्टरनं झाकण उचलून आत नाक घातलं. म्हणाला, मांजरांच्या विष्ठेतून एक रोग जातो. त्यातही पहिल्यांदाच शिकार खाणारी पिल्लं असली तर जास्त. घाण भरड्यात पडते, मेंढ्या भरडा खातात. अंगावर काही दिसत नाही, पोटातलं तेवढं पडतं. "तपासणी आली की नक्की सांगतो," म्हणत तो वळला, आणि दारात घमेलं घेऊन उभी असलेली मुकी त्याला दिसली.

"ह्यांना दिवस आहेत?"

"पाचवा."

"आणि आत हात ह्यांनी घातला? मोज्याशिवाय?"

"आमच्यात तसंच घालतात," सासू म्हणाली. "मीही पोटुशी असताना घालत होते."

"मग?"

सासूनं पेटीचं झाकण लावून वर दगड ठेवला. "मग काही नाही," ती म्हणाली.

"आजपासून ह्यांनी मेंढवाड्यात पाऊल टाकायचं नाही. हा रोग माणसालाही होतो. नर्सबाईंकडं घेऊन जा." त्यानं मोज्यांची एक जोडी पेटीवर ठेवली आणि निघाला.

मुकीच्या हातातलं घमेलं जड झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही. कारण पिल्लं होती. थंडी सुरू व्हायच्या आधी मांजरी व्याली होती, आणि पोत्यात घालून लांब पाठवणं म्हणजे काय ते मुकीनं आधीच्या खेपेला पाहिलं होतं. या वेळी तिनं पिल्लं उचलली आणि भरड्याच्या पेटीत, मागच्या कोपऱ्यात, जुन्या घोंगडीवर ठेवली. सासूचे गुडघे दुखत, भरडा काढायला मुकीच जायची. तिला ते बरं पडलं. रोज सकाळ-संध्याकाळ झाकण उघडलं की चार तोंडं वर व्हायची. लग्न झाल्यापासून तिला बघून कोणाला एवढा आनंद झाला नव्हता. पेटीच्या मागं वरची एक फळी निखळली होती, तिथून मांजरी त्यांना उंदीर आणून द्यायला लागली. पिल्लं मोठी झाली तशी भरड्यातच हगायला लागली, माती उकरावी तसा भरडा उकरून वर झाकायला लागली. मुकी ते गोळे हातानं उचलून टाकायची, भरडा वरखाली करायची आणि मेंढ्यांना घालायची. पुढं एकाला बोक्यानं मारलं, बाकीची उंडारायला निघून गेली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जग काही आंधळं होत नाही, पण त्या वेळी खरंच कोणाला काही दिसलं नव्हतं.

सासूनं आपला हिशेब वेगळाच मांडला. पेटीवर झाकण, झाकणावर दगड, घरात एकच म्हातारी मांजर. म्हणजे घाण आली ती दळणातूनच. ती तडक गिरणीवर गेली आणि चार माणसांदेखत गिरणीवाल्याला धुऊन काढलं. "मांजरांची फौज पोसतोस आणि आमच्या मेंढ्यांच्या पोटावर उठतोस!" गिरणीवाला भुवयांवरचं पीठ पुसत राहिला. चोर सोडून संन्याशाला फाशी. गावात मुकीला "कसं वाटतंय गं आता?" असं विचारणारी एकच बाई होती, ती म्हणजे गिरणीवाल्याची बायको. दळण होईपर्यंत ती मुकीला बसायला पोतं अंथरून द्यायची. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर भेटली तेव्हा तिनं मान फिरवली.

मांजरीवरही गदा आली. सासऱ्यांनी तिला पोत्यात घातलं, ओढ्यापलीकडं नेऊन सोडलं आणि येताना ओळखीच्यांकडं चहा घेतला. ते घरी पोचले तेव्हा मांजरी उंबऱ्यावर बसून पंजा चाटत होती. "ही माझ्याआधी कशी आली?" असं त्यांनी तीन वेळा विचारलं. मुकीला हसू आलं. मग रडू आलं. पदरात तोंड घालून तिनं दोन्ही उरकून घेतलं.

मेंढवाड्यात जायचं नाही, असं डॉक्टर सांगून गेला खरा. पण त्याच आठवड्यात एक मेंढी कण्हायला लागली आणि सासूनं दोनदा हात घालून बघितला, तो जाईना. ती मुकीकडं न बघता म्हणाली, "मोजे तुला ढगळ होतात. पिशवी बांध." मुकीनं हाताला प्लास्टिकची पिशवी सुतळीनं बांधली. आत गेल्यावर ती फाटली. मेलेलं कोकरू बाहेर आलं तेव्हा पिशवीची चिंधी मनगटाभोवती लोंबत होती.

नर्सबाईंकडं जायला असा उशीर होत होत अखेर जाणं झालं. दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाकांवर पोटुशा बाया दाटीवाटीनं बसलेल्या, सासवा भिंतीला टेकलेल्या. नर्सबाई उभ्यानं बोलत होत्या. आवाज बसलेला, बोलणं खणखणीत.

"मांजर पाळलं की रोग होतो असं नाही. मांजराला कोणी मारू नका, हाकलू नका. रोग त्याच्या शीमध्ये असतो. ती तुम्ही काढायची नाही, घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढायची. मातीत काम केलं की साबणानं हात धुवायचे. भाजी दोन पाण्यांतून काढायची. मटण पूर्ण शिजलेलं खायचं. व्यायलेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या जवळ जायचं नाही."

"माझा नवरा मटण अर्धकच्चंच खातो," एक जण म्हणाली. "त्याला पण बाहेर ठेवू का?"

"त्याला खुशाल खाऊ दे. तू खाऊ नकोस."

बाया हसल्या. नर्सबाई हसल्या नाहीत. "ज्यांना पूर्वी कधी होऊन गेलाय, त्यांच्या पोरांना सहसा धोका नसतो. पहिल्यांदाच झाला आणि तोही पोटात मूल असताना, तर तो मुलापर्यंत जाऊ शकतो. मूल पडतं, किंवा डोळ्यांना, मेंदूला इजा होते. आईला बहुतेक वेळा काही कळतच नाही. एखादीला बारीक ताप, मानेला गाठी. पण वेळेत कळलं तर औषध आहे."

मुकीचा हात आपोआप मानेवर गेला. थंडीच्या सुरुवातीला मानेला गाठी आल्या होत्या. बोरांएवढ्या. अंग मोडून आलं होतं. "गारठा बाधला," सासू म्हणाली होती. पोटात दुसरा महिना होता तेव्हा.

एकेक बाई टेबलापाशी जाऊन आली. मुकीची पाळी आली तेव्हा सासूच पुढं झाली.

"घरी मांजर?" नर्सबाईंनी विचारलं.

"एक. म्हातारी. पिल्लं नाहीत. मेंढ्यांना जे झालं ते गिरणीवाल्याच्या भरड्यानं. तो आम्ही बंद केला."

"मेंढ्यांना झालंय?" नर्सबाईंनी मान वर केली. "हिनं हात लावलाय?"

"नाही, नाही. ती जातच नाही तिकडं." सासूचा आवाज साखरेचा झाला होता. पोटुशा सुनेला असं कामाला लावतो, हे चार बायांदेखत कसं सांगणार?

"मग ठीक. ही तपासणी शहरात पाठवावी लागते, संशय असेल त्यांचीच पाठवते." नर्सबाईंनी पुढच्या बाईला बोट केलं.

पुढची बाई उठली. मुकी टेबलापाशीच उभी राहिली. आता वळलं की झालं. घरी जायचं, मेंढ्यांना घालायचं, वाट बघायची. गिरणीवाला चोर, मांजरी चोर, आपण सुटलो. पोटात पुन्हा ती टिचकी बसली.

"होती," ती म्हणाली.

"काय होती?"

"पिल्लं. चार. भरड्याच्या पेटीत. मी लपवली होती." मग धरण फुटावं तसं झालं. "त्यांची घाण मी हातानं काढायची. भरडा मीच मेंढ्यांना घातला. आणि हात मीच घालते आत, माझेच हात जातात. पिशवी फाटली. मानेला गाठी आल्या होत्या. बाई, माझं रक्त पाठवा. माझं बाळ मेंढीच्या पिल्लासारखं पडेल. माझं रक्त पाठवा!"

नर्सबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं आणि तिची बाही वर सारली. सासू समोरच्या कपाटातल्या बाटल्यांकडं बघत उभी होती.

परतीच्या वाटेवर सासू पुढं आणि मुकी मागं. सासूच्या चपला फटाफटा वाजत होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तिनं पेटीतला सगळा भरडा पोत्यांत भरला, लांब नेऊन जाळला, पेटी उकळत्या पाण्यानं धुतली. मुकी मदतीला गेली तशी हातानंच 'लांब' अशी खूण केली. त्या दिवसापासून घरात शब्द बंद. ताट समोर यायचं आणि सासू मागं फिरायची. मेंढवाड्याच्या दाराला नवा अडसर आला. दिवसभर हात रिकामे. या घरात तिला आणलं ते हातांसाठी. हात गेले तर आपण या घरात कोण, हे तिला कळेना.

नवऱ्याचा फोन आला तेव्हा तिनं सगळं सांगितलं. पलीकडं यंत्र चालूच होतं. मग ते थांबलं.

"आई काय म्हणाली?"

"बोलत नाही."

"मी येतो," तो म्हणाला. "टोळी सुटली की." म्हणजे थंडी सरल्यावर. ते तिला माहीतच होतं.

ढोरांच्या डॉक्टरची तपासणी आली, तोच रोग. मुकीच्या रक्ताचंही आलं. लागण झालेली होती, आणि ताजी होती. नर्सबाई स्वतः औषध घेऊन घरी आल्या आणि मोठ्या दवाखान्यात पोटाचा फोटो काढून या म्हणाल्या. सासू गेली नाही, सासऱ्यांना सोबत पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, डोकं नीट आहे, हृदय नीट आहे, आत्ता तरी काही दिसत नाही. औषध एक दिवसही चुकवायचं नाही, दर महिन्याला यायचं, आणि बाळाचे डोळे जन्मल्यावर तपासायचे. बाहेर बाकावर सासरे चिंतेनं टोपी पिळत बसले होते.

"मामंजी, डोकं नीट आहे!"

"कोणाचं?"

"बाळाचं!"

"काय?"

"बाळाचं डोकं नीट आहे!" ती ओरडली. सगळा दवाखाना वळून बघायला लागला. सासऱ्यांनी ऐकलं. टोपी तोंडावर धरून ते तिथंच रडले.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी गिरणीवाल्याची बायको दारात आली. आत यायला तयार नव्हती, पण जातही नव्हती. "तुझी सासू आली होती गिरणीवर," ती म्हणाली. "सगळ्यांदेखत म्हणाली, चूक आमच्या घरची होती, माझी जीभ झडो. ह्यांनी विचारलं, चूक कोणाची. तर म्हणाली, घराची." मग तिनं मुकीच्या पोटाकडं बघितलं. "कसं वाटतंय गं आता?"

मुकीनं काय उत्तर दिलं ते तिचं तिलाही आठवत नाही.

वाचलेल्या मेंढ्यांपैकी एक संध्याकाळी अडली. दिवस पुरते भरलेली. मुकीनं कण्हणं अंगणातूनच ओळखलं आणि धावत अडसरापाशी गेली. आत सासू कोपरापर्यंत डॉक्टरचे मोजे चढवून गुडघ्यांवर बसलेली, कपाळावर घाम.

"आत्या, मी येऊ?"

"तिथंच थांब!" इतक्या दिवसांत पहिला शब्द, आणि तोही असा. सासूनं हात घातला, ओठ चावला, हात काढला. पुन्हा घातला. "ही पुरती उघडलीय, जातोय हात. पण मोज्यातून कळत नाही गं मला. बोटं मेलीत माझी. नुसती गर्दी लागते."

मुकीनं अडसर दोन्ही हातांनी धरला. "आधी डोकं शोधा. तोंड सापडतंय? तोंडात बोट घाला. चोखतंय का?"

सासू थांबली. "चोखतंय."

"मग जिवंत आहे. आता डोकं थोडं मागं ढकला. घाबरू नका, ढकला. मानेवरून खाली या. खांदा लागला?"

"लागला."

"त्याच्याखाली गुडघा असेल, दुमडलेला."

"आहे. आहे गं."

"खूर मुठीत झाका, म्हणजे आत फाटणार नाही. मग हळूच पुढं आणा."

सासू वाकली तशी तिची शाल चिखलात पडली. "माझीही दोन गेली," ती मेंढीच्या पाठीशी बोलल्यासारखं म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या आधी. दोन्ही अशाच हंगामात. आणि मी तुझे हात बघून तुला आणलं. मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही." तिचा आवाज चिरकला. "गप्प का झालीस? पाय आलाय माझ्या हातात. पुढं सांग."

आत अंधार झाला होता आणि मुकीला आता नुसती सासूची पाठ दिसत होती.

"आता ओढा, आत्या," ती म्हणाली. "तिची कळ येईल तेव्हा ओढा. मी सांगते."